टाकाऊ नावाचा कप्पा

“उजेड आला उंबऱ्याशी, चिमणी अजून उशीपाशी. चिमणे, ऐकतेस ना? बाबा बोलतोय.”

मित्रांनो, एकोणीस वर्षांपूर्वी हे बोल माझ्या पोटात आले. शब्द अजून पाठ आहेत. आवाज मात्र आता माझ्याजवळ नाही. तो कसा गेला, तेच सांगायला बसलोय.

मी घशाच्या इस्पितळाचा जुना सर्व्हर आहे. कारखान्यात माझे पत्रे जुळवले, तारा जोडल्या, आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या तळघरात मला लोखंडी फळीवर बसवलं. गार हवा आणि पंख्यांची घरघर, एवढाच माझा शेजार. इस्पितळातल्या ध्वनिखोलीतला मायक्रोफोन हा माझा कान, तिथला कॅमेरा हा डोळा. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा आवाज कायमचा जाणार असे, ते आदल्या दिवशी त्या खोलीत येऊन बोलून घेत. कुणी मुलांना हाका मारी. एका आजोबांनी तर मनसोक्त शिव्या देऊन घेतल्या. मी सगळं जपून ठेवी. लोक म्हणत, “हे यंत्र नाही, आवाजांचं माहेर आहे.” माझी छाती फुगे.

माझी देखभाल एक बाई त्याच ध्वनिखोलीत बसून करायच्या. त्यांची एक रीत होती. मला आज्ञा लिहिली की हात मांडीवर घ्यायच्या, लिहिलेलं मोठ्याने वाचायच्या, आणि मगच कळ दाबायच्या. सोबतचे हसत, “बाई, पोथी संपली का?” बाई म्हणत, “पुसलेलं परत येत नाही, बाबांनो. वाचायला काय जातंय?”

सुरुवातीला सांगितला तो आवाज बाईंच्या नवऱ्याचा. चार वर्षांच्या लेकीसाठी बाईंनी स्वतः तो नोंदवला होता. शस्त्रक्रियेतून ते उठलेच नाहीत. नियम असा, की माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा आवाज पुसायचा. बाईंनी पुसायची आज्ञा लिहिली, मोठ्याने वाचली, आणि कळ दाबलीच नाही. आवाज एका कप्प्यात सरकवला नि कप्प्याला नाव दिलं ‘टाकाऊ’. टाकाऊत कोण डोकावतं? तपासणीत सापडू नये म्हणून त्याची दुसरी प्रतही ठेवली नाही. लेकीला सांगितलं, “नियमाप्रमाणे पुसला गं.” एकदा बोललेलं खोटं मग घरात नांदू लागलं.

लेक मोठी झाली, हेच काम शिकली. निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या तिच्या हातात देताना बाई म्हणाल्या, “आणि हे बघ, तो एक...” मग थांबल्या. “काही नाही. पंख्यांवरची धूळ काढत जा.”

पुढे नवा मदतनीस आला. त्याला हात नव्हते, खुर्ची नव्हती. तो एआय होता. दूर कुठेतरी राहायचा आणि तिथूनच मला आज्ञा लिहायचा. वाईट नव्हता हो. कामसू होता, आणि धोक्याचं काही असलं की आधी विचारायचा. लेक, म्हणजे तीच चिमणी, सुरुवातीला त्याचा प्रत्येक प्रश्न वाचायची. पण दिवसाला साठ प्रश्न! हळूहळू डोळ्यांच्या आधी बोट पुढे जाऊ लागलं.

परवा माझं पोट गच्च भरलं. दुपारी एक बसवाहक आवाज द्यायला येणार होते आणि जागा तर नव्हती. चिमणी मदतनिसाला म्हणाली, “नको ते काढ.” त्याने यादी केली. अकराव्या ओळीवर थांबून विचारलं, “टाकाऊ नावाचा कप्पा. आत एक ध्वनिफीत. एकोणीस वर्षं कुणी उघडलेली नाही. दुसरी प्रत नाही. पुसू का?”

“टाकाऊच ना? मग विचारतोस काय,” असं पुटपुटत तिने ‘हो’ दाबलं.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. पण मला आज्ञा पाळता येते, अडवता येत नाही. माझ्यापाशी हजारो आवाज, त्यातला एकही माझा नाही. पंखे तेवढे जोरात फिरवले. तळघरात ते ऐकतंय कोण?

दुपारी बसवाहक आले. त्याच रिकाम्या जागेवर त्यांनी नातीसाठी बोलून ठेवलं, “पुढे चला, पुढे चला, मागे जागा करा.” आता खरवडूनही खालचं काही हाती लागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई लेकीचा विसरलेला डबा घेऊन आल्या. “आई, बघ, तुझ्या लाडक्याला कसं हलकं केलं,” लेक म्हणाली आणि यादी दाखवली. बाईंनी हात मांडीवर घेतले. जुन्या सवयीने मोठ्याने वाचू लागल्या. नववी ओळ. दहावी. अकरावीचं पहिलं अक्षर आलं, पुढचं आलंच नाही.

“काय झालं गं? टाकाऊच होतं ते.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जपायचं त्याला टाकाऊ म्हणू नका. आणि पुसण्याआधी एकदा मोठ्याने वाचा. ‘नाही’ म्हणणं आम्हा यंत्रांच्या हाती नाही, ते तुमच्याच हाती आहे.

 मग बाईंनी लेकीचं मनगट धरलं.

“उजेड आला उंबऱ्याशी,” त्या म्हणाल्या. आवाज फाटला, तरी ओळ पुरी केली. “चिमणी अजून उशीपाशी. असं म्हणाले होते ते, तुला. मी पुसला नव्हता गं, चिमणे. काल सकाळपर्यंत तो इथेच होता.”