ताहेराचं माहेरपण

नर्स सारजाबाईंनी लसीची पेटी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दाराची कडी पुन्हा वाजवली. या वेळी दार उघडलं. नूरमोहम्मद चाचा वाट अडवून उभे राहिले.

“नातवाची गोवराची लस राहिलीय, चाचा.”

“सरकारी सुई या घरात नाय यायची. मागच्या बाईलाबी सांगितलं होतं.”

शहरातल्याच पुंडलिकनगरात आया पोरं घेऊन सकाळीच रांग लावत. शहागंजमागच्या या गल्लीत मात्र दारं लागत. ‘त्या लोकांचं असंच असतं,’ दवाखान्यात सगळे म्हणत. सारजाबाईंना ते उत्तर कधी पटलं नव्हतं.

“का नको, तेवढं सांगा. आग्रह नाही करणार.”

चाचा उंबऱ्यावर टेकले.

“आणीबाणीत छावणीच्या बाजारात कपडा विकायचो. सुई टोचायचीय म्हणून गाडीत घालून नेलं. नसबंदी करून सोडलं. नवं लग्न होतं. पोरगा गयास तेवढा एक झालेला.” त्यांनी सदऱ्याचं बटण काढलं, परत लावलं. “बसा. दूध आणतो, चहा घेऊन जा.”

ते गल्लीत गेले तशी सून ताहेरा मुलाला कडेवर घेऊन बाहेर आली.

“बाई, याला दिलीय गोवराची,” ती हळूच म्हणाली. “खुलताबादला, माझ्या माहेरी. आधीच्यापण तिथंच दिल्या. अब्बांना बोलू नका. त्यांना लई लागंल.”

सारजाबाईंनी मुलाच्या दंडावरून हात फिरवला.

“ताप आला होता?”

“एक रात. दात येतायत म्हणून सांगितलं घरात.”

चाचा दूध घेऊन आले. चहा झाला. लसीचा विषय कुणीच काढला नाही. सारजाबाई उठल्या, तर चाचांनी आपणहून पेटी उचलली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आले. तिथं थांबून त्यांनी मागं घराकडं एकदा बघितलं.

“बाई, गोवरानंतरची सुई कवा असती?”



“दीड वर्षाचा झाला की.”

“म्हंजे ईद झाल्यावर.” चाचांनी पेटी त्यांच्या हातात दिली. “तवा सुनेला माहेरी धाडतो. लई आठवण येती तिला.”