चमकी कुठल्या बाजूला

"गो गौरजा, ही कोण?"

गौरजाच्या वडिलांनी, भाईंनी, फ्रेम खिळ्यावर लावली, दोन पावलं मागे सरले आणि ती परत उतरवलीच. गौरजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुडाळहून एसटीत उभ्याने, ती फ्रेम पोटाशी धरून आली होती बिचारी.

"कोण म्हंजे? आई!"

"न्हय गो. खंय तरी बघलंय हिका, पण ही तुझी आवस न्हय."

उद्या आईचं, सावित्रीबाईंचं वर्षश्राद्ध. वर्षभर तो खिळा रिकामाच होता. फोनमधले सगळे फोटो दुखण्यातले, गालफडं बसलेले. भाई एकच धरून बसले होते, "ता दुखण्यातला त्वांड मी भिंतीर लावूचंय नाय." आणि त्याआधीच्या फोटोंत बाई कुठे असायच्या? कॅमेरा दिसला की स्वयंपाकघरात पसार! एकदाच काय त्या सापडल्या. गौरजाला इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला एक चेहरा हवा होता. उसन्या कॅमेऱ्यापुढे तिने आईला मागीलदारी बसवलं आणि आई खदखदून हसली.

तो फोटोही धड फोटो म्हणून उरला नव्हता. कॉलेजच्या मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅममध्ये घालून तिने त्याचे नुसते आकडे करून ठेवले होते. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, काळ्याला शून्य, पांढऱ्याला दोनशे पंचावन्न. कॅमेरा ज्याचा त्याला गेला, आकड्यांची फाइल तेवढी राहिली. आज ती कुडाळच्या एका कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळते. तिथेच दुपारी तिने ते आकडे पायथन या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ओतले, तर काय! पडद्यावर आई, पण आडवी पडलेली. गौरजा तिथेच रडली. मग डोळे पुसून तिने फोटो उभा फिरवला, छापला आणि फ्रेम करून घेतला.

आणि आता हे म्हणे, ही कोण!

"चमकी बघ," भाई म्हणाले. "तुझी आवस डाव्या नाकात घाली. हिची उजव्यात. आणि पदर? उजव्या खांद्यार! गुजरातीण केलंस काय गो तिका?"

"भाई, तुमका वय झाला! फोटो तिचोच आसा. मीच काढलंय."

"मगे माका कित्याक वळखूक येना नाय?"

गौरजा बसली, उठली, ओटीवर गेली, परत आली. चहावर साय धरली. उद्या सकाळी आत्या येणार, मावशी येणार आणि भिंत तशीच. वर आणखी एक भीती तिला कुरतडत होती, की भाई म्हणतात ते खरं असेल तर? एका वर्षात आपण आईचा चेहरा विसरलो की काय?

भाईंना खोटं पाडायचंच, या इरेला पेटून ती फ्रेम घेऊन आईच्या खोलीतल्या आरशापुढे उभी राहिली. आरशात आई होती. चमकी डाव्या नाकात, पदर डाव्या खांद्यावर, अगदी तीच!

"अगो बाय माझ्या!" तिने कपाळावर हात मारला.

भाई शाळामास्तर होते, त्यांच्या पाढ्यांचा तक्ता अजून ओटीवर होता. दोनाचा पाढा वरून खाली, मग शेजारी तिनाचा. मॅटलॅबने आईचे आकडे तसेच वरून खाली, रांगेपाठी रांग मांडले होते. पायथनने ते डावीकडून उजवीकडे भरले. उभ्या रांगा आडव्या झाल्या. त्यांची अदलाबदल करायची सोडून तिने फोटो नुसता वळवला, आणि आई डाव्याची उजवी झाली. मुलांना शिकवताना आपण हेच घसा ताणून सांगतो की!

तिने लॅपटॉप उघडला, एक ओळ बदलली आणि पेन ड्राइव्ह घेऊन बाजारात धोंडूच्या स्टुडिओकडे धावली. तो शटर ओढतच होता. "वांयच थांब रे धोंडू, आवशीचा काम आसा!" म्हटल्यावर त्याने मुकाट्याने मशीन पुन्हा चालू केलं.

नवा फोटो फ्रेममध्ये बसला, फ्रेम खिळ्यावर गेली. भाई पुन्हा दोन पावलं मागे सरले.

"इली तुझी आवस," ते म्हणाले. डोळे भरले होते, लपवले नाहीत.

गौरजा जुना फोटो फाडायला निघाली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"फाडू नको. आता आठावला खंय बघलंय ता. सकाळी ती आरश्यासमोर कुंकू लावी आणि मी तिच्या पाठसून भांग काढी. आरश्यात ती माका अशीच दिसायची."

गौरजाला फक्त समोरून दिसणारी आई ठाऊक होती. ही दुसरी भाईंची एकट्याची, आणि वर्षभर ते त्या आरशाकडे फिरकले नव्हते, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

सकाळी आत्या आली, भिंतीवरच्या फोटोला हात जोडून रडली. गौरजा भाईंना बोलवायला आत गेली. आरशाच्या चौकटीत तो चुकलेला फोटो खोचलेला होता. भाई भांग काढत होते. आरशापुढची जागा मोकळी सोडून, एक पाऊल मागे, मान जरा तिरकी करून.