ऑर्फियसची हलगी

लेकीनं सांगितलेली ती ग्रीक गोष्ट भीमाप्पा गुरुजींना मुळातच पटली नव्हती. बायको मेली म्हणून ऑर्फियस नावाचा गवई थेट पाताळात उतरतो, गाण्यानं तिथल्या राजाला पाघळवतो, बायकोला परत मिळवतो. अट एकच, वर पोचेपर्यंत मागं बघायचं नाही. आणि हा शहाणा दाराशी येऊन मागं बघतो! बायको गेली ती गेलीच.

"येवढं कळंना व्हय त्याला?" गुरुजी म्हणाले होते.

पण लेकीनं, पारमितानं, त्यावर वीस मिनिटांची रचना बांधली होती. बेळगावच्या सभागृहात संध्याकाळी ती पहिल्यांदा वाजणार, म्हणून निपाणीहून डबा घेऊन गुरुजी दुपारीच तालमीला येऊन बसले. व्हायोलिनं झाली, बासरी झाली आणि मग हलगी आली. गुरुजी ताठ झाले. हे तिनं सांगितलंच नव्हतं.

बारा वर्षांचे होईपर्यंत ते स्वतः मिरवणुकीपुढं हलगी वाजवत. वरात दुसऱ्याची, हात यांचे आणि पंगत उकिरड्याशेजारी. मग वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हलगी चुलीत घातली आणि बजावलं, "आता मागं वळून बघायचं न्हाय." साठ वर्षांत गुरुजींनी घरात तिचं नावसुद्धा काढलं नाही.

राग आलाच. पण रागापेक्षा तो आवाज जास्त छळत होता. भद्, भद्! सभागृहातल्या गारव्यानं कातडं पार सैल पडलं होतं. वाजवणारा सौरव पुण्याचा, नोटेशन वाचून वाजवणारा. खिट्टी फिरवून ताणायची वाद्यं त्याला ठाऊक. हलगीला फिरवायला काहीच नव्हतं.

"वर येणाऱ्या ऑर्फियसची पावलं आहेत ती," पारमिता कासावीस झाली होती. "चिखलात रुतल्यासारखी वाजतायत." तीनदा थांबवून शेवटी तिनं पेन्सिल उचलली. "हलगी काढूनच टाकते."

गुरुजींना बरं वाटायला हवं होतं. पण खुर्चीत बसवेना. उठले, पाणी प्यायले, बसले, पुन्हा उठले. लेकीचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं. शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही, हे त्यांच्या लहानपणी शेंबड्या पोराला माहीत असायचं. हिला माहीत नव्हतं, कारण बापानं तोंड शिवून ठेवलं होतं. चूक तिची कुठं होती?

"आण रं हिकडं," ते सौरवला म्हणाले.

सभागृहामागं वॉचमन शामू पालापाचोळा जाळत होता. गुरुजी जाळापुढं उकिडवे बसले आणि हलगी फिरवू लागले. पारमिता धावत आली.

"आप्पा, तुम्हाला येतं हे?"

"गप. कातडं करपंल."

मग त्यांनी एकच टिपरू हाणलं. कडाड! शामू दचकून मागं सरला.

"कधी बोलला का नाहीत?" तिनं विचारलं.

"तुझ्या आज्जाला शब्द दिलता."

"मग आता?"

"आता मोडला," गुरुजी म्हणाले. "पण वाजीवणार न्हाय मी. लोकांपुढं लई वाजीवलं. त्यो सौरव वाजवू दे."

हलगी आत गेली की पाच मिनिटांत पुन्हा सैल पडणार, आणि तिची पाळी बाराव्या मिनिटाला. म्हणून संध्याकाळी पहिल्या रांगेतली गुरुजींची खुर्ची मोकळीच राहिली. मागच्या दाराशी जाळावर हलगी धरून ते आतली व्हायोलिनं ऐकत बसले. वेळ आली तसे सत्तरीचे गुरुजी पळत आत गेले, सौरवच्या हातात ती दिली आणि पडद्याच्या कडेला धापा टाकत उभे राहिले.

ऑर्फियसची पावलं खणखणत वर आली. शेवटच्या ठोक्याला त्यानं मागं बघितलं आणि हलगी थांबली. सगळं सभागृह चिडीचूप झालं. त्या शांततेत वादकांपुढं उभ्या पारमितानं मान वळवली आणि सरळ पडद्याकडं बघितलं.

आपण आड व्हावं, असं गुरुजींना क्षणभर वाटलं. काजळीनं काळे झालेले हात तसेच ठेवून ते तिथंच उभे राहिले.