कुत्रं धरा

मी एक जुनी राखणदार कुत्री आहे. नाव बासार. डोळ्यांवर दोन पिवळे ठिपके आहेत, म्हणून मला चार डोळ्यांची म्हणतात. आता त्यातल्या दोन खऱ्या डोळ्यांनीही धड दिसत नाही, आणि डावा कान एका लांडग्याने नेला. पण मित्रांनो, सांगण्यासारखं बरंच आहे.

जन्म इथलाच, मंगोलियाच्या माळावर, म्हाताऱ्या डोलगोरच्या गेरमागे, म्हणजे तिच्या नमद्याच्या गोल तंबूमागे, गोवऱ्यांच्या ढिगाच्या आडोशाला. आमच्याकडे कुणाच्याही गेरकडे जाताना माणूस लांबच थांबतो आणि हाळी देतो, "कुत्रं धराऽऽ". घरी कुत्रं असो नसो, हाळी द्यायचीच. मग घरचं कुणी आमच्या मानेवर हात ठेवतं आणि पाहुणा आत चहाला जातो. हाळी देईल तो पाहुणा, न देता येईल तो चोर नाहीतर लांडगा. माझी शाळा एवढीच.

दोन महिन्यांची होते तेव्हा डोलगोरचा भाचा गानतुमुर मला शहरात चौथ्या मजल्यावर घेऊन गेला. मी लोकरीचा गोळा होते, त्याच्या टोपीत मावले. माझ्या आईकडे त्याने बघितलंच नाही. बघितलं असतं तर गोळ्याचं पुढे काय होतं ते कळलं असतं.

प्रेम कमी नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण दिवसभर घरी कुणी नाही. राखायला काय, तर एक सोफा. मी तो चार महिने राखला, मग खाल्ला. आणि एका सुट्टीच्या दिवशी शेजारच्या काकू मटण भरून वाफवलेल्या बूझची ताटली घेऊन दार लोटून सरळ आत आल्या. हाळी नाही, काही नाही. मी माझं काम केलं. चावले नाही, नुसती अंगावर गेले. तेवढ्यात त्या पडल्या आणि त्यांचा हात मोडला. सगळे मला वेडी म्हणाले. गानतुमुरने मला ट्रकमध्ये घालून परत आणलं. माझं नशीब. सगळ्यांनाच परत जायला माळ नसतो.

मग दहा वर्षं मी जगले. थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठायची, अशा थंडीत चारशे मेंढ्यांभोवती फिरले. सकाळी डोलगोर मीठ घातलेल्या पहिल्या चहाचा डाव देवासाठी आभाळाकडे उडवायची, त्याचे खारट थेंब माझ्या नाकावर पडायचे. देवाआधी मला मिळायचा. अजून जीभ बाहेर काढून उभी राहते, पण आता थेंब कुठे पडतात ते दिसत नाही.

गेल्या शरदात गानतुमुर पुन्हा आला, आठ वर्षांच्या सारनाईला, त्याच्या लेकीला घेऊन. माझ्या लेकीचं शेवटचं पिल्लू त्यांना न्यायचं होतं. गाडीतून उतरला आणि सरळ चालत आला. मी उठले. डोलगोर हातात डाव घेऊन धावत आली.

"तोंड शिवलंय का रे? हाळी कोण देणार, मेंढ्या?"

"विसरलो गं आत्या. शहरात सवय मोडते."

"बासार नाही विसरली."

मी दाराशी पडून ऐकत होते. पिल्लू सारनाईच्या मांडीवर झोपलं होतं.

"आता घर मोठं आहे, आत्या. सज्जा आहे."

"माझा मेंढ्यांचा वाडाही मोठा आहे. राहतोस?"

"पोरीचा जीव जडलाय. आणि इमारतीत चोऱ्या होतायत, राखण होईल."

"कशाची, नव्या सोफ्याची?"

गानतुमुर मान खाजवत हसला. डोलगोर पोरीकडे वळली. "बाळ, तुमच्या दारी दिवसभरात कोण कोण येतं?"

सारनाईने बोटं मोजली. मीटर बघणारा, सामान आणणारा, वरच्या मजल्यावरची मैत्रीण, शेजारची आजी.

"आणि हाळी कोण देतं?"

पोर हळूच म्हणाली, "बाबासुद्धा देत नाहीत."

गानतुमुरने चहाच्या वाटीत तोंड घातलं.

"तूच ठरव," डोलगोर म्हणाली. "पण आधी बासारशेजारी जाऊन उभी राहा. हे एवढं होणार."

सारनाई आली. मी कशीबशी उभी राहिले. माझं डोकं तिच्या हनुवटीला टेकलं. तिने माझ्या तुटक्या कानावर हात फिरवला, बराच वेळ. मग पिल्लू माझ्या पुढ्यात ठेवलं आणि आपला निळा रुमाल त्याच्या गळ्यात बांधला. जाताना गाडीतून तिने मागे बघितलं नाही. का ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, पिल्लू सगळ्यांनाच आवडतं. पण उचलायच्या आधी त्याची आई उभी करून बघा. दिवसभर त्याच्याजवळ कोण असेल ते बघा. आणि तुमच्या दारी माणसं कशी येतात, ते आठवा. तुमचा खेळ संपेल तेव्हा त्याचं काम सुरू होणार असतं. ते काम तुमच्या घरी नसेल, तर त्याला माळावर राहू द्या आणि तुम्ही भेटायला जा.

या उन्हाळ्यात एका सकाळी माझा नातू एकदम उठून उभा राहिला. मला काही ऐकू आलं नव्हतं. मग आलं. लांब टेकडीपाशी गाडी थांबली होती आणि एक बारीक आवाज वाऱ्यावरून येत होता, "कुत्रं धराऽऽ". पाठोपाठ एक जाडा, ओशाळा आवाज, "धरा हो, कुत्रं धरा".

डोलगोर बाहेर आली आणि तिने निळ्या रुमालावर हात ठेवला.