अण्णाची कबुतरं आणि रेवणप्पाचा दमा

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. पण गोष्ट सांगताना किती वेळा ‘हे’ म्हणायचं? ऐकणाऱ्याचा घोटाळा व्हायचा. म्हणून सरळ सांगते, रेवणप्पा. लातूरच्या गंजात, म्हंजे मोठ्या बाजारपेठेत, गुळाचा लिलाव पुकारायचा. निजामाचं राज्य होतं, अन् मी विधवा होऊन भावाच्या घरी आलेली, तिशी गाठलेली बाई. आमच्यात विधवेला दुसरं लगीन करता येतं. तरी त्या वयात पुन्हा कुणासाठी आरशात बघावं वाटंल, हे मला सपनातबी खरं वाटलं नसतं. वाटलं की! भाकरी थापतानाबी मेलं हसू यायचं.

त्यो मागणी घालायला आमच्या घरी आला. माझा थोरला भाऊ ईश्वरप्पा, आमचा अण्णा, मोठा कबुतरबाज. पार हैदराबादेहून जोड्या आणलेल्या, अन् खुराडं बैठकीच्या अगदी माथ्यावर. खाली जिकडं तिकडं पिसं. रेवणप्पा बसला, गूळपाणी घेतलं, दोन शब्द बोलला न बोलला तोच त्याची छाती शीळ घालायला लागली. डोळे लाल, मान खाली, नुसती धाप. तीनदा आला, तिन्ही वेळा तेच.

अण्णानं सांगून टाकलं, दमेकऱ्याला बहीण द्यायची न्हाई. मी भांडले, ताट आपटलं, अबोला धरला. माझा पहिला नवरा खोकून खोकूनच गेला होता. शेवटी अण्णा म्हणाला, “शिवे, तुझं मोकळं कपाळ एकदा बघितलं. पुन्हा बघायची ताकद न्हाई माझ्यात.”

मला रागबी आला अन् रडूबी.

पण माझं डोकं गप बसंना. तेल आणायच्या निमित्तानं मी गंजात जायची अन् रेवणप्पाला ऐकायची. हा बाबा सकाळपासून असा पुकारायचा की पार वेशीपर्यंत ऐकू जावं. मिरचीची पोती फुटली की सगळा गंज शिंकायचा, तेव्हा त्यालाबी धाप लागायची. थंडीच्या पहाटेबी लागायची. ऊन पाणी पिऊन जरा बसला की निघून जायची. आमच्या बैठकीतला प्रकार मात्र निराळाच, ना मिरची ना थंडी, तरी बसल्या बसल्या धाप. एक दिवस बैठक झाडताना कबुतरांच्या घाणीची धूळ माझ्याच नाकात गेली अन् डोक्यात लख्ख उजेड पडला.

अण्णाला सांगितलं तर त्यो भडकलाच. माझ्या कबुतरांवर, माझ्या लेकरांवर आळ घेतेस का म्हणाला. मीबी कमी न्हाई. त्यो बाहेर गेल्यावर खुराडं उघडलं अन् काठी घेऊन सगळी कबुतरं हुसकून लावली. सांजेला सगळी परत. वर दोन परकी पाहुणी संगं घेऊन आली! अण्णा खुशीत.

मग मिरचीची पोती नसलेला दिवस बघून मी हट्टच धरला. अण्णा, एकदा गंजात चल. तिथं त्याला धाप लागली तर लग्नाचा शब्द पुन्हा काढणार न्हाई. अण्णानं कबूल केलं अन् थंडी म्हणून रोजची शाल पांघरली, जिच्यात त्यो कबुतरांना घेऊन बसायचा. माझ्या लक्षातच आलं न्हाई.

रेवणप्पा ढेपांच्या थप्पीवर उभा. मी एका बैलगाडीआड लपलेली. त्यानं आवाज लावला अन् काय सांगू, एका दमात सगळी थप्पी विकली! आडते खूश, अण्णाचं तर भान हरपलं. वाहवा करीत धावला अन् रेवणप्पाला कडकडून मिठी मारली.

मी ओरडले, अण्णा, शाल! पण कुठलं काय. छातीनं शीळ घातली. रेवणप्पा तिथंच खाली बसला. कुणी वारा घातला, कुणी ऊन पाणी आणलं. माझं सगळं संपलं, मी कबूल करून बसले होते.

अण्णा मात्र शालीवरचं पीस हातात घेऊन उभा होता. त्याचं तसं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. शाल तिथंच टाकून त्यो बैलांच्या हौदाकडं गेला अन् धोतर-पटक्यासकट आत उतरला. ऐन थंडीत! सगळा गंज हसून लोटपोट. मीबी हसायला लागले, थांबताच येईना. रेवणप्पाला दम फिरून आला तेव्हा अण्णा निथळत, कुडकुडत आला अन् चांगला दहा हात लांब थांबला.

“रेवणप्पा, तुमचा दमा मीच हाय,” त्यो म्हणाला. “बहीण दिली. फक्त घर माझ्या गल्लीत करू नका.”