मृगाचा मासा

कुकटपल्लीपलीकडच्या तळ्यात मासे धरायचा हक्क मल्लेशमच्या गंगापुत्र कोळ्यांचा, की नव्या ठेकेदाराचा? आबिड्सच्या कचेरीत सुनावणी होती आणि साक्षीदार मी. निजामाच्या काळात माझे पणजोबा तिथले तहसीलदार होते. करार त्यांनीच लिहिलेला: दर मृगाला गंगापुत्रांनी पहिला मासा आमच्या घरी द्यावा, आमच्या घराने तो घ्यावा. हे चालेल तोवर तळं त्यांचं.

मल्लेशमचा वकील तयारीचा होता. कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या मिकमॉ लोकांचा जुना करार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सव्वादोनशेहून जास्त वर्षांनंतरही मानला, मग हा का नको, असं त्याने ठणकावलं. मला वाटलं, जिंकलो.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी मला विचारलं, "मछली हर साल आती थी?"

"जी साब, हर साल."

"आप लेते थे?"

इथे माझ्यातला देशस्थ उफाळून आला. "तोबा साब! हम पक्के शाकाहारी. मछली घर के अंदर कभी नै आई. अम्मा बाहरिच किसी को दे देते."

ठेकेदाराचा वकील ताडकन उठला. मासा घेतलाच नाही, म्हणजे करार कधीच मोडला! मल्लेशमचा चेहरा उतरला. त्याची चाळीस घरं त्या तळ्यावर जगतात, आणि मी शहाणा सोवळं मिरवत होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

एवढ्यात मागच्या बाकावरून ब्याऐंशी वर्षांची माझी आई उठली.

"मकरंद, खाली बस," ती म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "इसको क्या मालूम साब. साठ साल से मैं लेती. इसके बाबा दफ्तर गए बाद पिछवाड़े में पकाती, खाती. मल्लेशम की दादी सिखाई."

साहेबांनी भुवई उंचावली. "कैसा पकाते?"

"इमली का खट्टा. उतारने से पहले भुनी मेथी का सफूफ, बारीक पीस के."

"कित्ती मेथी?"

"चुटकी भर. ज्यादा डाले तो कड़वा."

साहेब खदखदून हसले आणि त्यांनी लिहून घेतलं: मासा स्वीकारला जात होता. निकाल मल्लेशमच्या बाजूने लागला.

घरी येताना रिक्षात मी हसून हसून बेजार झालो. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"मासा घराने घ्यायचा असतो," आई म्हणाली. "माझ्यामागे कोण घेणार?"

यंदाच्या मृगाला मल्लेशम आला. मासा मी दोन्ही हातांनी घेतला. आईने रस्सा केला आणि मी पाटावर बसलो.

"काटे बघून खा," आई म्हणाली.