शेऱ्याचा रकाना

जुन्या लीड म्हणजे काय, हे ज्याने त्या कधी हातात घेतल्या नाहीत त्याला सांगून कळायचं नाही. चरकातून तीनदा निघालेलं चिपाड! कधीकाळी कुणी विम्याची चौकशी करून नाव-नंबर दिलेला असतो. मग एक एजंट फोन करतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक जण कार्डावरच्या शेऱ्याच्या रकान्यात एकेक ओळ लिहून मोकळा होतो. 'मुलीच्या परीक्षेनंतर.' 'घराला रंग देऊन झाल्यावर.' 'स्वतः घेत नाहीत, सल्ला देतात.' एका कार्डावर तर नुसतंच, 'कुत्रा सोडतात.'

असा एक खोकाभर ऐवज साहेबांनी तिच्या टेबलावर आदळला.

"ताई, महिनाअखेरीपर्यंत यातून एक तरी पॉलिसी काढा. एकच. नाहीतर वरून तुमचा कोड बंद होईल, आणि ते माझ्या हातात नाही."

कोड बंद म्हणजे एजन्सीच संपली.

"नवीन नावं नाहीत का, साहेब?"

"नवीन नावं नवीन लोकांना."

साहेब गेल्यावर शेजारच्या टेबलावरचे अण्णा हळूच म्हणाले, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, पोरी?" याच धंद्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. "पण सोड पोहरा. काही नाही तर हाताला व्यायाम."

तिने सोडला. दिवसभर फोन आणि संध्याकाळी जिने. एका नंबरावर आता बेकरी होती. एक बाई तिला बँकेतली समजून दहा मिनिटं भांडली. एक गृहस्थ मात्र खुशीत होते. "मी आजवर तीन एजंटांना 'नंतर' म्हटलं. तिघेही धंदा सोडून गेले. तुमची पण वेळ भरली वाटतं?" तीही हसली. फोन ठेवल्यावर हसू तसंच गालावर राहून गेलं, पुसायला विसरलेल्या पिठासारखं.

महिना सरायला तीन दिवस राहिले तेव्हा खोक्याच्या तळाशी एक कार्ड निघालं. चष्म्याचं दुकान, मालक, वय सत्तेचाळीस. शेवटचा शेरा, 'नंतर बघू म्हणाले.'

अक्षर तिचंच होतं.

ते तसं म्हणालेच नव्हते. दोन वर्षांपूर्वी ते म्हणाले होते, "उद्या पाचला या, मी कागद काढून ठेवतो." दुसऱ्या दिवशी साडेचारला तिची पर्स खांद्यावर होती आणि तिची चिमणी लेक डाव्या हातावर झोपली होती. दात येत होते. तीन रात्री पोर रडून रडून अर्धी झालेली, आणि आता कुठे तिचा डोळा लागला होता. हात काढला असता तर जागी झाली असती. दहा मिनिटांनी निघू, असं म्हणता म्हणता सहा वाजले. दुसऱ्या दिवशी फोन करायची लाज वाटली, तिसऱ्या दिवशी जास्तच. आठवड्याने साहेबांनी कार्डं तपासायला मागितली तेव्हा तिने ती ओळ लिहून टाकली.

तिने नंबर लावला.

"विमावाल्या मॅडम ना? या की. आजच या."

ते सावकाश बोलत होते, पण तिच्या कानात एवढंच शिरलं, या.

दुकान चिंचोळं होतं. भिंतीवर रिकाम्या फ्रेमा ओळीने टांगलेल्या, शेकडो चष्मे आणि आत एकही डोळा नाही. मालक काका काउंटरमागे खुर्चीत बसले होते, त्यांच्या पत्नी, काकू, शेजारी स्टुलावर.

"चष्मा वाकडा बसलाय तुमचा," काका म्हणाले.

"लेकीचा पराक्रम. रोज ओढते."

"आणा इकडे."

त्यांनी डाव्या हाताने चष्मा घेतला. उजवा हात मांडीवरून उचलून काउंटरवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. स्क्रू ड्रायव्हर बोटांत धरला, तो घरंगळला. पुन्हा धरला. काकूंनी चष्मा आणि स्क्रू ड्रायव्हर दोन्ही काढून घेतले.

चष्म्याशिवाय तिला दोघं धूसर दिसत होती. ते बरंच होतं.

"कधी झालं हे, काका?"

"गेल्या वर्षी. झटका. सकाळी शटर उघडताना." ओठाच्या एका कडेने ते हसले. "तोवर हे शरीर बंद नाही पडायचं, अशीच समजूत होती."

काकू पुढे झुकल्या. "ताई, फॉर्मवर ते लिहू नका ना. कोण बघतंय? पोरींची शिक्षणं राहिलीत हो."

खरंच कुणी बघणार नव्हतं. रकान्यात एक 'नाही', खाली सही, की तिचा कोड वाचला. पण अण्णांचं एक नेहमीचं वाक्य होतं, हप्ता घेताना कंपनी डोळे मिटते आणि पैसे द्यायची वेळ आली की चष्मा लावते. मग दवाखान्याचे कागद निघणार, आणि ज्या दिवशी या बाईला आधार हवा त्याच दिवशी हिच्या हातात नकाराचं पत्र पडणार.

"नाही काकू. लपवलं तर तुम्हालाच काही मिळायचं नाही. आणि खरं लिहिलं तर हा विमा मिळायचा नाही."

"मग तेव्हाच का नाही आलात?" काकूंचा आवाज चढला. "दुकान लवकर बंद करून बसले होते हे! कागद मांडून. मी दोनदा चहा टाकला."

पर्समधून फॉर्मबरोबर कार्डही बाहेर आलं होतं. काकूंनी ते उचललं, लांब धरून वाचलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"'नंतर बघू म्हणाले.' अहो! तुम्हीच नको म्हणालात?"

"मी?" काका गोंधळले. "म्हणालो असेन. हल्ली... राहत नाही लक्षात."

"दोन वर्षं मी या बाईच्या नावाने बोटं मोडतेय, आणि तुम्हीच—"

"चुकलं गं माझं," काका म्हणाले. त्यांनी मान खाली घातली, एवढ्या पटकन की सवयीचंच झालं असावं.

"नाही," ती म्हणाली. "ते नव्हते म्हणाले. मी आले नाही, आणि हे मी लिहिलं."

काकूंनी कार्ड खाली ठेवलं.

"का?" काकूंनी विचारलं.

"मुलगी हातावर झोपली होती."

बोलताना तिलाच ते कारण केवढंसं वाटलं. काकूंनी चष्मा पुन्हा हातात घेतला. मग त्यांनी हातातला स्क्रू घट्ट पिळला, काचा पदराने पुसल्या आणि चष्मा काउंटरवर सरकवला. पैसे काढायला तिने पर्स उघडली तर मान हलवली, नको.

"येते," ती सवयीने म्हणाली.

कुणी 'या' म्हणालं नाही.

बाहेर बस थांब्यावर तिने उरलेली कार्डं काढली. चष्मा आता नीट बसला होता, सगळं लख्ख दिसत होतं. अजून चार कार्डांवर तिचंच अक्षर होतं. 'दोन महिन्यांनी.' 'घरी विचारून सांगतो म्हणाले.' 'सध्या नको.' 'नंतर.'

यातलं कोण खरंच तसं म्हणालं होतं, ते तिला आठवेना.